शॉ, शेक्सपिअर, व्हाया माळीवाडा

१ जून १९३२. हॉलिवूडच्या ‘पिकफेअर’ बंगल्यात पाहुणे जमलेत. यजमान डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड, म्हणजे त्या काळच्या सिनेमाचे राजा-राणी. सत्कारमूर्ती मात्र जवळजवळ सात वर्षांत एक शब्दही बोललेले नाहीत. हातात इंग्रजी अक्षरांची पाटी, तिच्यावर झरझर फिरणारं बोट, आणि शेजारी ते वाचून दाखवणारा माणूस. मुक्काम पोस्ट : अरणगाव, नगर-दौंड रस्ता.

मेहेरबाबांचा जन्म पुण्याचा, १८९४ चा. पण १९२३ नंतर त्यांचं नाव जोडलं गेलं ते नगरशी. शहराच्या दक्षिणेला अरणगावजवळ मेहेराबाद उभं राहिलं, तिथेच १० जुलै १९२५ पासून मौन सुरू झालं आणि ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत टिकलं. अमरतिथीच्या, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत पाठीला पिशव्या लावलेली गोरी मंडळी शहरात दिसली की ती कुठे निघालीत हे नगरच्या रिक्षावाल्याला विचारावं लागत नाही. जिल्हा आता अहिल्यानगर झाला. पण या लेखातली बहुतेक पात्रं जुन्या नावाच्या काळातली, तेव्हा आपण नुसतं ‘नगर’ म्हणू.

तर मुद्दा असा, की इंग्रजी रंगभूमीवरची गाजलेली नाटकं पडद्यावर कशी आली हे शोधायला बसावं आणि दर दोन-तीन पानांनी नगरचा कुणीतरी भेटावा, असा हा विलक्षण मामला आहे. नगरनं काही केलं म्हणून नव्हे. नगर नुसतं तिथे असतं.

राणीनं डोळा मिचकावला

पिकफेअरच्या याच जोडप्यानं तीन वर्षं आधी, १९२९ मध्ये, ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ काढला होता. शेक्सपिअरच्या नाटकावरचा हा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट. नवरा-बायको म्हणून जगप्रसिद्ध असलेल्या या दोघांनी नायक-नायिका म्हणून एकत्र केलेला हा एकच सिनेमा, आणि तोही नवऱ्यानं बायकोला वठणीवर आणण्याचा! शेवटी कजाग कॅथरिन आज्ञाधारक पत्नीचं लांबलचक भाषण करते आणि मेरी पिकफर्ड ते करता करता बहिणीकडे बघून हळूच डोळा मिचकावते. शेक्सपिअरनं पाच अंकांत बांधलेला निष्कर्ष तिनं एका पापणीत उलटवला. प्रत्यक्षातला संसारही पुढे फार टिकला नाही. १९३६ मध्ये घटस्फोट झाला.

या सिनेमाच्या नामावलीत ‘नाटक : विल्यम शेक्सपिअर, जादा संवाद : सॅम टेलर’ असं छापलं होतं, हा किस्सा गेली कित्येक दशकं सांगितला जातो. तशी नामावली असलेली प्रत कुणी दाखवलेली नाही. पण किस्सा इतका झकास आहे की पुराव्याअभावी त्याला सोडून देणं जिवावर येतं.

मराठी प्रेक्षकाला मात्र या कॅथरिनची ओळख हॉलिवूडनं करून दिलेली नाही. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी तिला ‘त्राटिका’ करून एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणलं होतं आणि शाहूनगरवासी मंडळीनं तिला गावोगाव फिरवलं होतं. मेरी पिकफर्डच्या आधी आपल्याकडे कॅथरिन कासोटा खोचून भांडून मोकळी झाली होती.

पिकफेअरचा सत्कार झाला त्याच दौऱ्यात मेहेरबाबांनी जाहीर केलं होतं, की १३ जुलै १९३२ ला ‘हॉलिवूड बोल’ या प्रचंड खुल्या रंगमंचावर आपण मौन सोडणार. सिनेमाला वाचा फुटून जेमतेम पाच वर्षं झाली होती, त्यामुळे हॉलिवूडला बोलण्याचं अप्रूप होतंच. ऐन वेळी बेत रद्द झाला. इतिहासातला सर्वांत मोठा न झालेला संवाद म्हणायला हरकत नाही.

क्यू पुलाजवळचं थिएटर

एक वर्ष मागे जाऊ. १९३१ मध्ये ‘राजपुताना’ बोटीनं गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले होते. त्याच बोटीवर मेहेरबाबा होते आणि दोघांच्या भेटीही झाल्या. लंडनला उतरल्यावर गांधीजींना भेटलेल्या मंडळींत बर्नार्ड शॉ होते. ‘बर्नार्ड शॉ’ हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला पुढे बराच वेळ त्यांच्याच घरी बसायचं आहे.

बाबांना लंडनमध्ये ज्या पहिल्या शिष्या मिळाल्या, त्यांत डीलिया डिलिऑन ही नटी होती. तिचा भाऊ जॅक यानं १९२४ मध्ये क्यू ब्रिजजवळ ‘क्यू थिएटर’ सुरू केलं होतं. थिएटर छोटं, वेस्ट एंडपासून लांब, पण नव्या माणसाला पहिली संधी देण्यात पटाईत. टेरेन्स रॅटिगन या पोरसवदा लेखकाचं पहिलं नाटक इथे १९३३ मध्ये लागलं. पुढे त्याच्या ‘द ब्राउनिंग व्हर्जन’वरचा सिनेमा १९५१ च्या कान महोत्सवात पटकथेचं आणि मायकेल रेडग्रेव्हच्या अभिनयाचं अशी दोन बक्षिसं घेऊन आला. १९३५ मध्ये याच क्यू थिएटरच्या रंगमंचावर एका मुलीनं पहिलं पाऊल टाकलं. जन्म दार्जिलिंगचा, नाव व्हिव्हियन ली. चार वर्षांनी ‘गॉन विथ द विंड’ आला आणि उरलेलं जगाला ठाऊक आहे.

‘द ब्राउनिंग व्हर्जन’चा दिग्दर्शक होता अँथनी अ‍ॅस्क्विथ. नाटकाचा सिनेमा करावा तर यानंच, अशी त्याची ख्याती. शॉ, वाइल्ड, रॅटिगन, सगळे त्याच्या हाताखालून गेले. त्याचे वडील एच. एच. अ‍ॅस्क्विथ १९०८ ते १९१६ ब्रिटनचे पंतप्रधान होते. लोकमान्यांना मंडालेला धाडलं गेलं ते याच पंतप्रधानांच्या राजवटीत. बाप साम्राज्य चालवत होता, मुलगा ‘कट’ म्हणत होता. दोघांतलं कुणाचं काम जास्त टिकलं, ते तुम्हीच ठरवा.

न बोलणारी माता मेरी

बाबांच्या पाश्चात्त्य शिष्यांत नोरिना मॅचाबेली ही राजकन्या. राजकन्या लग्नानं झालेली : नवरा जॉर्जियाचा परागंदा राजपुत्र, ज्यानं अमेरिकेत जाऊन ‘प्रिन्स मॅचाबेली’ अत्तरं विकली. त्याआधी ती ‘मारिया कार्मी’ या नावानं नटी होती, आणि पहिला नवरा होता जर्मन नाटककार कार्ल फोलमोलर. त्याचं ‘द मिरॅकल’ १९११ च्या डिसेंबरात लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात माक्स राइनहार्टनं बसवलं. हे अवाढव्य नाटक पूर्णपणे निःशब्द होतं. मूर्तीतून जिवंत होणाऱ्या मेरीमातेचं काम कार्मीचं. १९१२ मध्ये त्याचा सिनेमा झाला, त्यातही तीच.

संवाद नसलेल्या नाटकात नाव कमावलेली नटी पुढे न बोलणाऱ्या बाबांची शिष्या झाली. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकानं ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून कापलं असतं.

खिसा रिकामा, हक्क शॉचे

आता या गोष्टीतला सर्वांत भन्नाट माणूस. गॅब्रिएल पास्कल, हंगेरियन निर्माता. मेहेरबाबांचा भक्त, बाबांनी त्याला ‘फिनिक्स’ हे टोपणनाव दिलं होतं. बाबांच्या मनात सृष्टीच्या उत्पत्तीबद्दलचा एक सिनेमा होता आणि त्यासाठी पास्कल आणि फोलमोलर या दोघांशी बोलणी चालली होती. तो सिनेमा कधी झाला नाही. पण पास्कलनं मग जे केलं ते त्याहून अशक्य होतं : त्यानं शॉला पटवलं.

शॉ सिनेमावाल्यांना दारात उभं करत नसत. नाटकातला स्वल्पविराम हलवला तरी भडकणारा माणूस! त्यांची नाटकं मागायला पैशाची थैली घेऊन आलेले कित्येक परत गेले होते. पास्कल आला तो रिकाम्या खिशानं. दोघांची पहिली गाठ म्हणे समुद्रात पोहताना पडली होती, आणि पास्कलच्या अंगावर तेव्हा एक चिंधीही नव्हती. ही दंतकथाच, तरी पास्कलच्या बाबतीत दंतकथा आणि चरित्र यांत फरक करणं अवघड. शॉंना हा निर्धास्त कफल्लक आवडला आणि त्यांनी ‘पिग्मॅलिअन’ त्याच्या हातात ठेवलं.

आता ‘पिग्मॅलिअन’ची कुंडली बघा. लंडनच्या गटारी इंग्रजीत बोलणाऱ्या फुलवालीला एक भाषापंडित सहा महिन्यांत सरदारघराण्यातली बाई करून दाखवतो, ही गोष्ट. इतकं इंग्रजी नाटक, पण पहिला प्रयोग झाला १९१३ मध्ये व्हिएन्नात आणि तो जर्मनमध्ये. लंडनमध्ये ते आलं एप्रिल १९१४ ला. फुलवालीचं काम करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. (आपल्याकडे बालगंधर्वांनी कुठल्या वयापर्यंत कुठल्या भूमिका केल्या हे आठवलं की हसू आवरतं घ्यावं लागतं.) पंडित झालेले हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी १८९९ मध्ये ‘किंग जॉन’ नाटकातले काही प्रवेश कॅमेऱ्यासमोर केले होते. पडद्यावर उमटलेला पहिला शेक्सपिअर तो. अर्थातच मुका. त्याच वर्षी मुंबईत सावे दादांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. इंग्रजांनी शेक्सपिअर पकडला, आपण पैलवान. सिनेमा म्हणून कोणतं अधिक बघणेबल झालं असेल याबद्दल मला शंका नाही.

पास्कलचा ‘पिग्मॅलिअन’ १९३८ मध्ये आला. दिग्दर्शन पंतप्रधानपुत्र अ‍ॅस्क्विथ आणि नायक लेस्ली हॉवर्ड यांचं. पटकथेच्या ऑस्करवर इतर तिघांबरोबर शॉंचं नाव लागलं. १९२५ चं नोबेल घरात होतंच. नोबेल आणि ऑस्कर दोन्ही मिळवणारे ते पहिले. नंतर थेट बॉब डिलन. शॉ खूश झाले का? छे. सिनेमावाल्यांनी आपली पाठ थोपटावी यात त्यांना आपला अपमानच दिसला. शिवाय शेवटावरून खटका होताच : फुलवालीनं पंडिताकडे परत यावं ही प्रेक्षकांची हौस शॉंना मुळीच मान्य नव्हती, आणि पडद्यावर ती परत आली.

पास्कलनं मग १९४१ मध्ये ‘मेजर बार्बरा’ काढला. चित्रीकरणाच्या वेळी लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते. डेबोरा कर या नटीचा हा पहिला सिनेमा. १९४५ मध्ये ‘सीझर अँड क्लिओपात्रा’. क्लिओपात्रा झाली ती क्यू थिएटरवाली व्हिव्हियन ली. तोवरचा ब्रिटनमधला सर्वांत खर्चिक सिनेमा म्हणून तो गाजला, आणि त्या खर्चानंच पास्कलची पत गेली. भक्त नगरच्या फकिराचा, हात मात्र सुलतानाचा.

‘पिग्मॅलिअन’चं संगीतनाटक करावं हा किडाही पास्कलच्याच डोक्यातला. पण १९५४ मध्ये तो वारला. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला ‘माय फेअर लेडी’ लागलं आणि तुफान चाललं. १९६४ च्या सिनेमानं आठ ऑस्कर नेले. त्यात ऑड्री हेपबर्न दिसते, पण गाते बहुतेक ठिकाणी मार्नी निक्सन. रंगमंचावर ती भूमिका गाजवणाऱ्या ज्युली अँड्र्यूजला निर्मात्यांनी घेतलं नाही. तिनं त्याच वर्षी ‘मेरी पॉपिन्स’साठी अभिनयाचं ऑस्कर घेतलं. ऑड्रीला साधं नामांकनही नव्हतं. आणि शॉंच्या मृत्युपत्रानुसार नाटकाच्या मानधनाचा वाटा गेला ब्रिटिश म्युझियम, लंडनची नाट्यशाळा ‘राडा’ आणि आयर्लंडचं राष्ट्रीय कलादालन यांना. डब्लिनच्या भिंतींवरची काही चित्रं एका फुलवालीच्या शिव्यांवर विकत घेतलेली आहेत.

आता विचार करा : देह ठेवेपर्यंत मौन पाळलेल्या गुरूच्या शिष्यानं जगाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, तर उच्चार कसे करावेत यावरचा सिनेमा.

फुलराणीचं नगरचं घर

हीच फुलवाली १९७५ मध्ये मराठीत आली. पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ : मंजुळा भक्ती बर्वे, प्राध्यापक सतीश दुभाषी. पुलंनी भाषेच्या जातीपातीचा हा सगळा खेळ इतका मराठी केला की मूळ नाटक इंग्रजी आहे हे प्रेक्षक विसरले, आणि रूपांतराला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक नसतं. हिंदीत बासू चटर्जींनी १९८० मध्ये ‘मनपसंद’ केला, देव आनंद आणि टीना मुनीमला घेऊन. २०२३ मध्ये विश्वास जोशींनी ‘फुलराणी’ हा मराठी सिनेमा काढला, सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर. स्पष्ट सांगायचं तर भक्ती बर्वेंनंतर ही भूमिका घेणाऱ्या प्रत्येकीला माझा आगाऊ नमस्कार. तिथे तुलना होणार आणि ती हरणार, हे ठरलेलं.

‘फुलराणी’ म्हटलं की मराठी माणसाला आधी बालकवी आठवतात. हे त्र्यंबक बापूजी ठोंबरे काही काळ नगरलाच होते, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ठोंबऱ्यांच्या लहरींचं जे चित्र काढलंय ते वाचल्यावर हा माणूस कवितेखेरीज दुसरं काही करूच शकला नसता याची खात्री पटते. शॉंची फुलवाली कोव्हेंट गार्डनमधली. तिचं मराठी नाव उच्चारलं की पाय नगरच्या मिशन कंपाउंडकडे वळतात.

रामा शेट्टी आणि मंजुळा

भक्ती बर्वेंवरून आठवलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं आणि अविनाश मसुरेकरांचं ‘हँड्सअप’ नावाचं नाटक चालू होतं. त्यात एक नगरचा नट होता : सदाशिव अमरापूरकर. मूळ नाव गणेशकुमार नरवोडे, जन्म नगरचा, १९५० चा. गोविंद निहलानींनी हे नाटक पाहिलं आणि ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी त्यांना सापडला. १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ आला. त्याच वर्षी भक्ती बर्वे ‘जाने भी दो यारों’मध्ये चमकल्या. एकाच नाटकातली ही दोन माणसं एकाच वर्षात हिंदी सिनेमाच्या दोन टोकांना दिसली. रामा शेट्टी आवाज चढवत नाही, हेच त्याचं भय. पुढे हिंदी सिनेमानं अमरापूरकरांकडून बरंच ओरडून घेतलं, ते आपण माफ करू.

उंदराच्या सापळ्यातून गांधी

पुन्हा पास्कल. १९५२ मध्ये त्यानं पंडित नेहरूंकडून गांधीजींवर सिनेमा काढण्याची संमती मिळवली होती. नेहरूंचा आणि नगरचा संबंध शाळेतल्या पोरालाही पाठ : १९४२ ते १९४५ भुईकोट किल्ल्यातली कैद आणि तिथे लिहिलेला ‘भारताचा शोध’. मौनी बाबांचा भक्त आणि किल्ल्यातला माजी कैदी मिळून राजपुताना बोटीवरच्या त्या दुसऱ्या प्रवाशावर सिनेमा करणार होते. दोन वर्षांत पास्कल गेला आणि बेत बारगळला.

तो सिनेमा अखेर १९८२ मध्ये रिचर्ड अ‍ॅटनबरोनं केला, आणि इथे एक इंग्रजी नाटक खिडकीतून आत येतं. अ‍ॅगथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२ ला लंडनमध्ये सुरू झालं. त्यातला पहिला डिटेक्टिव्ह सार्जंट ट्रॉटर म्हणजे अ‍ॅटनबरो. त्यानं आणि त्याच्या बायकोनं पगाराऐवजी नाटकाच्या नफ्यात दहा टक्के वाटा घेतला होता. नाटक थांबेचना. वर्षामागून वर्षं पैसे येत राहिले. मग ‘गांधी’ पैशाअभावी बुडायला लागला तेव्हा अ‍ॅटनबरोनं त्या वाट्यातला उरलेला भाग विकून टाकला. अहिंसेच्या पुजाऱ्यावरचा सिनेमा तरला तो एका खुनाच्या नाटकावर!

‘माउसट्रॅप’ खुद्द मात्र पडद्यावर येऊ शकलं नाही. करारात अट अशी, की लंडनमधले प्रयोग बंद होऊन सहा महिने गेल्याशिवाय सिनेमा करायचा नाही. १९५० च्या दशकात ज्यांनी हक्क घेतले त्यांना वाटलं असेल, चालेल चालेल आणि किती चालेल! मध्ये कोविडनं थिएटरांना कुलपं लावली, तीही उघडली आणि नाटक पुन्हा सुरू झालं.

‘गांधी’मध्ये गोपाळ कृष्ण गोखले झाले डॉ. श्रीराम लागू. तेच ‘नटसम्राट’चे पहिले गणपतराव बेलवलकर, आणि बेलवलकरांच्या मागे उभा आहे तो शेक्सपिअरचा किंग लिअर. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० चं. पडद्यावर आलं १ जानेवारी २०१६ ला, नाना पाटेकरांना घेऊन. लिअरचं राज्य जातं, बेलवलकरांचं घर. मराठी माणसाला दुसरं दुःख अधिक लवकर समजतं.

नऊ दिवसांतले दोघे

एप्रिल १९१८ मध्ये नगरला दोन मुलगे जन्मले. १६ तारखेला एक, २५ ला दुसरा.

२५ चा शाहू मोडक. मराठी ख्रिस्ती घरातला हा मुलगा भारतीय सिनेमाचा हक्काचा श्रीकृष्ण झाला. पितांबर आणि मोरपीस त्याच्याइतकं कुणाला शोभलं नाही. १९४० च्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर तोच, म्हणजे ज्या जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातला पोरगा. इंग्रजी पुस्तकाशी त्याची गाठ विशीच्या आत पडली : १९३३ चा ‘औट घटकेचा राजा’, मार्क ट्वेनच्या राजपुत्र-भिकाऱ्याच्या गोष्टीवरचा. त्यात शाहू मोडकनं दोन्ही कामं केली आणि आपल्या बोलपटाला पहिली दुहेरी भूमिका मिळाली. जुळ्यांच्या घोटाळ्याचा हा मसाला पुढे शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’वरच्या गुलजारांच्या ‘अंगूर’पर्यंत, १९८२ पर्यंत पुरला. तिथे दोन संजीवकुमार, दोन देवेन वर्मा, आणि शेवटी भिंतीवरच्या तसबिरीतला शेक्सपिअर डोळा मिचकावतो. मेरी पिकफर्डचं उधार फेडलं.

१६ चा स्पाइक मिलिगन. बाप आयरिश, ब्रिटिश फौजेतला. बालपण पुण्यात आणि रंगूनला. १९५१ पासून बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ लिहून या माणसानं इंग्रजी विनोदाचं डोकं फिरवलं. बीटल्सपासून तेव्हाच्या युवराज चार्ल्सपर्यंत सगळे त्याचे भक्त. त्याच शोमधले लालकाका आणि बॅनर्जी ही हिंदुस्थानी पात्रं तो आणि पीटर सेलर्स करायचे. सेलर्सनं तो हेल पुढे शॉंच्या ‘द मिलिअनेरेस’वरच्या १९६० च्या सिनेमात वापरला. दिग्दर्शक पुन्हा अ‍ॅस्क्विथ, नायिका सोफिया लॉरेन. शॉंच्या नाटकातला डॉक्टर इजिप्तचा. सिनेमात त्याला भारतीय केला आणि नाव ठेवलं अहमद. नगर जोडायचं तेवढं राहिलं.

नगरला जन्मल्याचा दंड मिलिगनला भरावा लागला. नागरिकत्वाचे नियम बदलले आणि फौजेत लढलेल्या या माणसाला, ब्रिटनबाहेर जन्मला म्हणून, ब्रिटिश पासपोर्टासाठी राजनिष्ठेची शपथ घ्यायला सांगण्यात आलं. तो भडकला, आणि १९६२ मध्ये बापाच्या पुण्याईवर आयरिश नागरिक झाला. २००१ मध्ये ‘सर’की मिळाली, तीही मानद, परदेशी नागरिकाला असते तशी. गेला तो २७ फेब्रुवारी २००२ ला, म्हणजे आपल्या मराठी भाषा दिनी.

याच मिलिगननं जॉन अँट्रोबसबरोबर ‘द बेड-सिटिंग रूम’ लिहिलं. १९६२ मध्ये कँटरबरीला पहिला प्रयोग, पुढच्या वर्षी लंडन, आणि १९६९ मध्ये बीटल्सच्या सिनेमांमुळे नाव झालेल्या रिचर्ड लेस्टरनं त्याचा सिनेमा केला. कथानक सांगतो, दम धरा. तिसरं महायुद्ध तहाच्या सह्यांसकट २ मिनिटं २८ सेकंदांत उरकलंय. इंग्लंडात बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरलीत आणि सिंहासनाची वारस ठरलीय लेटनस्टोनला राहणारी, लोकांची घरं झाडून-पुसून देणारी एक बाई. बीबीसीचा वृत्तनिवेदक अर्धाच उरलेला सूट घालून दारोदार फिरतो आणि टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात तोंड घालून बातम्या वाचतो. किरणोत्सर्गानं माणसं बदलताहेत : आईचं कपाट होतं, वडिलांचा पोपट. आणि लॉर्ड फोर्टनमची, म्हणजे साक्षात राल्फ रिचर्डसनची, एक भाड्याची खोली. त्याला खोली झाल्याचं फार दुःख नाही, पत्ता पॅडिंग्टनचा, चांगल्या वस्तीतला नाही, याचं आहे!

सिनेमा तेव्हा पडला. वितरकांनाच कळेना की हे विकायचं कुणाला. आता तो ‘कल्ट’ सिनेमा झालाय, आणि मला विचाराल तर या लेखातल्या सगळ्या सिनेमांत सर्वांत नगरी तोच : तिरकस, कोरडा, आणि सर्वनाशाच्या ढिगाऱ्यावर बसून भाडं किती ते विचारणारा.

तेव्हा पुढच्या एकांकिका स्पर्धेसाठी संहिता शोधत हिंडणाऱ्या नगरच्या पोरांनी कृपया याच्यावर डोळा ठेवावा. पॅडिंग्टनच्या जागी सावेडी घ्या, लॉर्डाच्या जागी निवृत्त मामलेदार, आणि त्याचा वन बीएचके होऊ द्या. अनामत रक्कम किती ठेवायची ते दिग्दर्शकानं ठरवावं. लेखक गावचाच आहे. मानधन मात्र लंडनला पाठवावं लागेल.